माय मरो, मावशी उरो? – सम्राज्ञी जितो आणि तिचं घराणं

शेवंती

आपल्याकडे ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणतात. सातव्या शतकातल्या जपानमध्ये ओत्सु नावाच्या राजपुत्राची आई तो लहान असतानाच गेली. मावशी उरली. तिच्या हाती सत्ता आल्यावर महिन्याच्या आत ओत्सुला मरावं लागलं.

ही मावशी म्हणजे सम्राज्ञी जितो (६४५–७०३). जपानच्या गादीवर स्वतः बसलेल्या स्त्रियांपैकी तिसरी. तिच्याबद्दल वाचायला घेतलं की कायदे, जनगणना, नवी राजधानी हे सगळं मिळतं. मला मात्र तिच्या घरातली माणसं जास्त खेचतात. वंशावळ कागदावर काढून बघा, रेघा एकमेकींत अशा अडकतात की दुसरा कागद घ्यावा लागतो.

जन्मनाव उनो नो सारारा. वडील राजपुत्र नाका नो ओए, म्हणजे पुढचा सम्राट तेंजी. आई ओची, दरबारात वरचढ असलेल्या सोगा घराण्यातल्या इशिकावामारोची मुलगी. उनो जन्मली त्याच वर्षी, ६४५ मध्ये, भर दरबारात खून पडला. सोगांचा सर्वेसर्वा इरुका याला नाका नो ओएने सम्राज्ञीच्या डोळ्यांदेखत तोडला. ती सम्राज्ञी कोग्योकु ही नाका नो ओएची आई, उनोची आजी. कोरियन राज्यांकडून आलेला खलिता वाचायचं काम इशिकावामारोकडे होतं आणि तोही कटात सामील. खलिता संपत आला तरी मारेकरी पुढे येईनात, तसा त्याला घाम फुटला, हात कापायला लागले. इरुकाने विचारलं, का रे थरथरतोस? तर म्हणाला, महाराणींच्या इतक्या जवळ उभा आहे ना, म्हणून.

४ वर्षांनी याच इशिकावामारोवर त्याच्या सावत्र भावाने बंडाचा आळ घेतला. जावयाने, म्हणजे नाका नो ओएने, विश्वास ठेवला, कोग्योकुनंतर गादीवर आलेल्या सम्राटाने फौज धाडली. इशिकावामारोने लढायला नकार दिला आणि स्वतः बांधायला घेतलेल्या यामादा-देरा या मंदिरात बायकामुलांसह जीव दिला. मेल्यावरही त्याचं डोकं उडवण्यात आलं. मग जप्तीला गेलेल्या माणसांना त्याच्या उत्तमोत्तम ग्रंथांवर ‘युवराजांचे’ अशी नोंद सापडली. युवराज म्हणजे तोच जावई! त्याला पश्चात्ताप झाला म्हणे. ओचीला काय उपयोग त्याचा? डोकं उडवणाऱ्याचं नाव ‘शिओ’, आणि मिठालाही शिओच म्हणतात. तो शब्द कानावर पडला तरी ती कोलमडायची, म्हणून तिच्यासमोर मिठाचं नाव काढायची चोरी झाली. याच दुःखात ती गेली. उनो तेव्हा अगदी लहान.

पुढे ६५७ मध्ये, जपानी मोजणीने (जन्मताच एक वर्ष धरायचं, पुढची वयंही तशीच) तेराव्या वर्षी, उनोचं लग्न झालं ते वडिलांच्या सख्ख्या धाकट्या भावाशी, ओआमाशी (पुढचा सम्राट तेम्मू). थोरली बहीण ओता हीसुद्धा त्यालाच दिलेली. ६६१ मध्ये सगळा दरबार बोटींतून पश्चिमेला निघाला, कारण कोरियातलं मित्रराज्य पेक्चे बुडालं होतं आणि त्याला मदत करायची होती. म्हातारी सम्राज्ञी (हीच ती आजी, आता दुसऱ्यांदा गादीवर, साइमेइ या नावाने) स्वतः सोबत होती. ती क्यूशूमध्येच वारली. ६६३ मध्ये कोरियातल्या हाकुसुकिनोए इथे चीनचे तांग आणि कोरियातलं सिल्ला यांच्या आरमाराने जपान्यांचा धुव्वा उडवला. या धामधुमीत दोघी बहिणींची बाळंतपणं झाली. ओताला वाटेत समुद्रावर मुलगी झाली, ओकु. उनोला ६६२ मध्ये आजच्या हाकाताजवळ मुलगा झाला, कुसाकाबे. ओताला ६६३ मध्ये मुलगा झाला, तो ओत्सु. मग काही वर्षांतच ओता गेली.

६७१ मध्ये तेंजी आजारी पडला. भाऊ ओआमा की मुलगा ओतोमो हा प्रश्न उभा राहिला. ओआमाने धोका ओळखला, मला गादी नको म्हणून मुंडन केलं आणि योशिनोच्या डोंगरात निघून गेला. बरोबर उनो. म्हणजे बापाची बाजू सोडून ती नवऱ्याबरोबर गेली. तेंजी वारला आणि ६७२ च्या उन्हाळ्यात ओआमाने उठाव केला. मूठभर पुरुष, दहाबारा बायका, उनो पालखीत. रात्रभर चाल, पाऊस, थंडी. एके ठिकाणी ऊब मिळावी म्हणून एक घरच पेटवलं, अशी नोंद आहे (घर कोणाचं होतं ते इतिहासकारांनी लिहिलेलं नाही, अर्थातच). महिन्याभरात निकाल लागला. हरलेल्या ओतोमोने गळफास घेतला. तो उनोचा सावत्र भाऊ, आणि ओआमाचा पुतण्या तर होताच, जावईही होता.

ओआमा सम्राट तेम्मू झाला, उनो पट्टराणी. ६७९ मध्ये तेम्मूने सहा राजपुत्रांना योशिनोला नेऊन शपथ घ्यायला लावली की आई कोणतीही असो, आपण भांडणार नाही. शपथ घेणाऱ्यांत कुसाकाबे आणि ओत्सु दोघे होते, आणि तेंजीचा मुलगा कावाशिमाही. ६८६ च्या नवव्या महिन्याच्या ९ तारखेला तेम्मू गेला. दहाव्या महिन्याच्या २ तारखेला ओत्सुला बंडाच्या आरोपाखाली पकडलं, ३ तारखेला मृत्युदंड. वय २४. चुगली केली कावाशिमाने. ओत्सुची बायको यामानोबे केस मोकळे सोडून अनवाणी धावत गेली आणि तिनेही जीव दिला. तीसुद्धा तेंजीचीच मुलगी, म्हणजे उनोची सावत्र बहीण.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं असं म्हणतात तो कुसाकाबे ६८९ मध्ये, गादीवर बसायच्या आतच, अठ्ठाविसाव्या वर्षी वारला.

६९० मध्ये उनो स्वतः सम्राज्ञी झाली. तेव्हा तिचा नातू, कुसाकाबेचा मुलगा कारु, ८ वर्षांचा होता.

टंकून टंकून हात दुखले. बाकी प्रतिसादांत.

---

गवतीचहा

वाचतेय. पण शेवंतीताई, सख्खा काका?! आपल्याकडे मामा-भाचीची लग्नं ऐकून माहीत आहेत. हे जरा पचायला जड जातंय. आणि दोन्ही बहिणी एकाच घरात?

---

शेवंती

@गवतीचहा, दोनच नाहीत. तेंजीने आपल्या चार मुली या भावाला दिल्या. राजघराण्यात त्या काळी एक आई असलेल्या भावंडांचं लग्न वर्ज्य. बाप एक पण आया वेगळ्या असतील तर चालायचं. काका-पुतणी तर सर्रास. मुलं आईच्या माहेरी वाढत, त्यामुळे सावत्र भावंडं वेगवेगळ्या वाड्यांत मोठी होत. त्यात राजरक्त बाहेर जायला नको आणि सोगांसारखं सासर डोईजड व्हायला नको हा हिशेब. भावाला चार मुली देण्यात तेंजीची भीतीही दिसते मला. इतके जावईपण लादले की माणूस उलटणार नाही असं वाटलं असेल. उलटलाच.

आता गंमत बघा: उनोची सासू म्हणजे तिची आजी. आणि तिची सून, कुसाकाबेची बायको आबे, ही तिची सावत्र बहीण. दोघींच्या आयाही सख्ख्या बहिणी!

---

हिंगाष्टक

लेख चांगला, पण ‘मावशीने मारलं’ हा सूर एकतर्फी आहे. ओत्सु निर्दोष होता याला पुरावा काय? ‘काइफूसो’ या ७५१ च्या चिनी कवितांच्या संग्रहात त्याचं छोटं चरित्र आहे. त्यात म्हटलंय की सिल्लाहून आलेल्या ग्योशिन नावाच्या भिक्षूने त्याचा चेहरा पाहून सांगितलं, हे लक्षण प्रजाजनाचं नाही, खाली राहिलास तर जीव धोक्यात. आणि त्याने मनावर घेतलं. तो गुपचूप इसेला बहिणीकडे गेला होता, तेही मान्योशू या जुन्या जपानी काव्यसंग्रहात आहे. मुख्य पुजारीण असलेल्या ओकुकडे, राजघराण्याच्या देवस्थानात, चोरून जायचं कारण काय?

तब्येतीने दणकट, तलवारीत तरबेज, कविता करणारा, लोकांत लोकप्रिय. ६८३ पासून दरबाराच्या कामकाजात. असा माणूस नुसता जिवंत असणं हेच युवराज कुसाकाबेला संकट.

---

तळ्यातमळ्यात

हिंगाष्टक, तुमचं शेवटचं वाक्य शेवंतीताईंच्याच बाजूने जातंय :)

पकडलेले तीसेक लोक होते. त्यांचं काय झालं? जवळजवळ सगळ्यांना माफी. एका सेवकाला इझूला हद्दपार केलं आणि तुमच्या त्या ग्योशिनला हिदा प्रांतातल्या मंदिरात पाठवलं. बंड खरं असतं तर एवढ्या स्वस्तात सुटले असते का? दरबाराला एकच डोकं हवं होतं आणि ते मिळालं.

दुसरं म्हणजे साधनं कोणाची ते बघा. हे सगळं ‘निहोन शोकी’ या दरबारी इतिहासग्रंथात आहे, जो ७२० मध्ये पुरा झाला आणि जितोच्या पदत्यागाशी संपतो. तेव्हा गादीवर कोण? गेनशो, म्हणजे कुसाकाबेची मुलगी, जितोची सख्खी नात. संपादनाचा प्रमुख राजपुत्र तोनेरी: तेम्मूचा मुलगा, आणि आई तेंजीने दिलेल्या त्या चार मुलींपैकी एक. म्हणजे जितो त्याची मावशीही आणि सावत्र आईही. घरच्यांनी लिहिलेला इतिहास. तरीही त्यात ओत्सुचं कौतुक आहे आणि यामानोबेचं अनवाणी धावणंही आहे. ते का गाळलं नसावं, हा मला पडलेला प्रश्न.

---

शेवंती

@तळ्यातमळ्यात, कारण आत्म्यांची भीती, असं माझं मत. अन्यायाने मेलेला राजपुत्र कोपतो ही समजूत पुढे जपानात फार बळावली. त्याचं दोन ओळी चांगलं लिहिणं हा सोपा उपाय. ओत्सुला फुताकामी डोंगरावर पुरल्याचं मान्योशू सांगतं. इसेहून परत आलेली ओकु तिथे म्हणते, उद्यापासून हा डोंगरच माझा भाऊ. ६६१ मध्ये बोटीवर जन्मलेली मुलगी हीच.

@हिंगाष्टक, तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण मावशी दुष्ट होती असं म्हणून भागत नाही, हाही मुद्दा आहेच. तिने आयुष्यात काय पाहिलं? बापाने नीट वारस ठरवला नाही, लढाई झाली. नवऱ्याने शपथा घ्यायला लावल्या, युवराज नेमला, आणि वर ओत्सुलाही कारभारात घेतलं. म्हणजे परत तेच. गादी मेल्यावर सोडायची झाली की रक्त सांडतं, हे तिने दोनदा बघितलं. म्हणून ६९७ मध्ये तिने जे केलं ते मला तिच्या नव्या राजधानीपेक्षा मोठं वाटतं. तिने जिवंतपणी, धडधाकट असताना गादी सोडली, पंधरा वर्षांच्या नातवाला, कारुला (सम्राट मोम्मू) बसवलं आणि स्वतः निवृत्त सम्राज्ञी म्हणून त्याच्या शेजारी बसली. निवृत्त सम्राट हे पद तिच्यापासून सुरू होतं. पुढे अकराव्या शतकात निवृत्त सम्राटांनीच देश चालवला, तो पायंडा इथला.

तेही सहज झालं नाही. तेम्मूचा थोरला मुलगा ताकेची हा ६७२ च्या लढाईतला सेनानी. आईचं घराणं प्रांतातलं म्हणून मागे राहिलेला. जितोने त्याला सर्वोच्च मंत्रिपद दिलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं. ६९६ मध्ये तो गेला आणि वारसाची सभा भरली. तेम्मूचे बाकी मुलगे हयात, वयाने मोठे. तेव्हा कादोनो नावाचा राजपुत्र उठून म्हणाला की गादी पूर्वापार मुलाकडे, नातवाकडे जाते, भावाभावांत गेली की कलह होतो. तेम्मूचा मुलगा युगे काही बोलणार तोच कादोनोने त्याला दरडावून गप्प केलं. जितो खूश, कादोनोला बढती. हेही काइफूसोमध्येच आहे.

कादोनो कोणाचा मुलगा? ६७२ मध्ये गळफास घेतलेल्या ओतोमोचा! भाऊ की मुलगा या भांडणात ज्याचा बाप गेला त्यानेच हे बोलावं, यापुढे नाटककारांनी काय लिहायचं?

---

वडाचीसाल

+१. वाचनखूण साठवली.

कारभाराकडे पण बघा की जरा. ६८९ मध्ये असुका कियोमिहारा संहिता लागू, ६९० मध्ये घरटी नोंदवही, मग त्या नोंदीवर शेतजमिनीचं वाटप. ६९४ मध्ये फुजिवारा-क्यो, चिनी धर्तीवर चौकटीत आखलेली जपानची पहिली राजधानी, एक बाजू सुमारे ५ किलोमीटर. त्याआधी सम्राट बदलला की वाडा बदलायचा. ७०१ ची ताइहो संहिताही ती हयात असतानाच आली.

आणि हट्टी किती! ६९२ मध्ये इसेला जायचं ठरवलं. मिवा नो ताकेचीमारो नावाच्या मंत्र्याने सांगितलं, शेतीचा हंगाम आहे, लोकांना त्रास होईल, जाऊ नका. ऐकेना, तर त्याने अधिकाराची टोपी काढून समोर ठेवली. तरी गेलीच. मग वाटेतल्या प्रांतांचे कर माफ केले. योशिनोला तर कारकिर्दीत ३१ वेळा गेली. एवढं काय होतं तिथे?

सोंगट्यांच्या जुगारावर (सुगोरोकु) बंदीही हिचीच, ६८९ ची.

---

गवतीचहा

मला तिच्या कविता आवडल्या! ‘वसंत सरला, उन्हाळा आला वाटतं, कागु टेकडीवर पांढरी वस्त्रं वाळत घातलीत’ एवढीच. राज्य चालवणाऱ्या बाईची नजर वाळत घातलेल्या कपड्यांवर. नवरा गेल्यावरची दुसरी आहे: उत्तरेच्या डोंगरावरचा ढग तारे सोडून, चंद्र सोडून चालला. आणि शिई नावाच्या म्हातारीची चेष्टा करणारी तिसरी: नको नको म्हटलं तरी गोष्टी ऐकवायची, आता कित्येक दिवसांत ऐकल्या नाहीत तर चुकल्यासारखं होतंय. त्यावर म्हातारीचं उत्तरही आहे, की मी नको म्हणत होते, तुम्हीच सांग सांग म्हणायचात!

ही बाई भाच्याला मारते हे डोक्यात बसत नाही माझ्या.

---

हिंगाष्टक

का बसू नये? दोन्ही एकच माणूस करू शकतं.

योशिनोचं: तिथूनच उठाव सुरू झाला होता. आपलं राज्य कुठून आलं ते दरबाराला वर्षातून तीनचारदा दाखवायचं, एवढा साधा अर्थ पुरतो. आणि राजघराण्याची मूळ पूर्वज मानलेली सूर्यदेवी अमातेरासू मुलाला नाही तर नातवाला पृथ्वीवर राज्य करायला पाठवते ही कथा याच काळात पक्की झाली असावी, आजी-नातू हा नमुना जितोवरून आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. मला पटतं, पण आहे तो तर्कच.

---

ओसाकाकर

इथे जवळच राहतो म्हणून थोडी भर. जितो ७०२ च्या शेवटच्या महिन्यात वारली (आपल्या सनाप्रमाणे जानेवारी ७०३). जपानच्या सम्राटांमध्ये दहन झालेली ती पहिली. दोनच वर्षांपूर्वी दोशो या भिक्षूचं दहन झालं होतं, आणि तीच जपानातली पहिली नोंद मानतात. तिच्या अस्थी चांदीच्या कलशात घालून नवऱ्याच्याच अष्टकोनी समाधीत ठेवल्या. तेम्मू शवपेटीत, ही कलशात.

१२३५ मध्ये चोर शिरले. कलश चांदीचा म्हणून नेला आणि अस्थी रस्त्यावर टाकून दिल्या. हे लिहून ठेवलंय तेइका या कवीने आपल्या रोजनिशीत. तोच तेइका ज्याने शंभर कवींच्या शंभर कविता निवडल्या. त्यात पहिली तेंजीची, दुसरी जितोची. बापलेक शेजारी.

---

एकोळी

मग वंश टिकला का?

---

शेवंती

नाही. मोम्मू पंचविसाव्या वर्षी ७०७ मध्ये गेला. तेव्हा त्याची आई, म्हणजे वर आलेली ती सून-बहीण आबे, गेम्मेइ नावाने गादीवर बसली. मुलानंतर आई! ७१० मध्ये ती राजधानी नाराला घेऊन गेली, म्हणजे जितोची फुजिवारा-क्यो १६ वर्षांतच सुटली. ७१५ मध्ये गेम्मेइने गादी मुलीला, गेनशोला दिली. गेनशोने लग्न केलं नाही. मोम्मूचा मुलगा शोमू मोठा होईपर्यंत दोघींनी ती धरून ठेवली, ७२४ पर्यंत. शोमूचा जन्म ७०१ चा, म्हणजे जितोने पणतू पाहिला होता.

या साखळीत आणखी एक नाव आहे: दरबारातला वजनदार मंत्री फुजिवारा नो फुहितो. कुसाकाबेने आपली काळी तलवार त्याला दिली. त्याने ती मोम्मू गादीवर येताच त्याला दिली. मोम्मू मरताना ती परत फुहितोकडे आली आणि फुहितो गेल्यावर शोमूकडे गेली. नारातल्या तोदाइ-जी मंदिराला अर्पण केलेल्या वस्तूंच्या ७५६ च्या यादीत तलवारीचा हा सगळा प्रवास नोंदवलाय. शोमू हा फुहितोच्या मुलीचाच मुलगा. ज्या सासरच्या वर्चस्वापायी ६४५ मध्ये इरुकाला तोडलं, तेच सासर नव्या नावाने घरात आलं.

शोमूनंतर त्याची मुलगी कोकेन, तीही अविवाहित, दोनदा गादीवर. ७७० मध्ये ती गेली आणि तेंजीचा नातू कोनिन बासष्टाव्या वर्षी सम्राट झाला. म्हणजे गादी परत जितोच्या बापाच्या शाखेत. कोनिनची राणी शोमूची मुलगी इनोए होती. तिच्या मुलाला युवराजही केलं होतं. जितोचं रक्त त्या वाटेने टिकलं असतं. पण ७७२ मध्ये शापतापाच्या आरोपाखाली दोघांना पदावरून काढलं आणि ७७५ मध्ये मायलेक एकाच दिवशी मेले.

---

वडाचीसाल

एकाच दिवशी. बरं.

---

गवतीचहा

@ओसाकाकर, मार्चअखेर जपानला यायचं ठरतंय. यातलं काय बघता येतं? आईबाबा बरोबर आहेत, फार चढ नको.

---

ओसाकाकर

ओसाकातल्या अबेनोबाशीहून किंतेत्सु रेल्वेची गाडी पकडा, थेट असुका स्टेशन. तीच पुढे योशिनोला जाते. असुकात सायकली भाड्याने मिळतात. आईबाबांसाठी टॅक्सी करा, अंतरं छोटी आहेत. तेम्मू-जितोची समाधी स्टेशनपासून लांब नाही, पण आत जाता येत नाही, राजघराण्याच्या खात्याकडे आहे. फाटकाबाहेरून एक हिरवा उंचवटा दिसतो, बस. फुजिवारा-क्योच्या वाड्याची जागा म्हणजे मोकळं मैदान. मार्चअखेर-एप्रिलमध्ये मोहरीसारखी पिवळी फुलं असतात आणि कविता ज्या टेकडीची ती कागु टेकडी समोर दिसते. कपडे वाळत नसतात.

वेळ कमी असेल तर हे सगळं सोडा आणि नाराला कोफुकु-जी मंदिराच्या संग्रहालयात जा. तिथे बुद्धाचं नुसतं डोकं आहे, ब्राँझचं, मोठं. ते इशिकावामारोच्या यामादा-देरातलं. तेम्मूच्या काळात मूर्ती पुरी केली आणि ६८५ मध्ये, इशिकावामारोच्या मृत्यूच्याच तिथीला, तिचे डोळे उघडले. नात तेव्हा पट्टराणी होती. ११८७ मध्ये कोफुकु-जीच्या भिक्षूंनी मूर्ती उचलून आणली, १४११ च्या आगीत धड गेलं, आणि डोकं १९३७ मध्ये दुरुस्ती करताना चौथऱ्याखाली सापडलं.

---

तळ्यातमळ्यात

शेवंतीताई, कोकेन आणि दोक्यो या भिक्षूवर वेगळा धागा काढा. इथेच सुरू केलंत तर हिंगाष्टक आणि मी पुढचा आठवडा भांडत बसू.

---

हिंगाष्टक

ते कुठेही काढा, भांडण होणारच आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.